विद्यापीठात वंचित विद्यार्थ्यांची बाजू मांडताना : विद्यार्थी प्रतिनिधींसाठी कामाची पद्धत

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये प्रत्येक महाविद्यालयात आणि विद्यापीठात विद्यार्थी परिषद असावी अशी तरतूद आहे. या परिषदेत अध्यक्ष, सचिव आणि महिला प्रतिनिधी यांच्याबरोबर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांपैकी एका प्रवर्गाचा प्रतिनिधी आळीपाळीने यावा, असे कायदा सांगतो. म्हणजे चार मोठ्या समूहांना मिळून एका वर्षाला एकच जागा. त्या वर्षी त्या जागेवर बसलेल्या मुलाला किंवा मुलीला कातकरी वस्तीतून आलेल्या विद्यार्थ्याचाही प्रश्न मांडावा लागतो, मातंग विद्यार्थिनीचाही आणि पारधी समाजातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलाचाही. शिवाय अपंग विद्यार्थी, तृतीयपंथी विद्यार्थी आणि ऊसतोडीच्या हंगामात आईवडील गावाबाहेर असणारे विद्यार्थी यांच्यासाठी या रचनेत वेगळी जागाच नाही.

दुसरी अडचण निवडीची आहे. १९९० च्या दशकात राज्यातल्या महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद झाल्या, नव्या कायद्याने त्यांचा मार्ग पुन्हा मोकळा केला, पण प्रत्यक्षात त्या रखडतच राहिल्या. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी प्रतिनिधी गुणांवर किंवा प्राचार्यांच्या नेमणुकीने ठरतो. अशा प्रतिनिधीला ‘तुला कोणी निवडले?’ हा प्रश्न एक ना एक दिवस ऐकावा लागतो. तो रास्तही आहे. त्यावर युक्तिवाद करत बसण्यापेक्षा, ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांची संमती प्रत्येक वेळी घेण्याची सवय लावून घेणे हे त्याचे खरे उत्तर आहे. पुढचे विवेचन सार्वजनिक विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. खासगी व अभिमत विद्यापीठांत कायदा वेगळा लागू होतो, कामाची रीत मात्र फारशी बदलत नाही.

आधी प्रश्न कोणाचा आणि नेमका कोणता, हे पाहावे

‘मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या समस्या’ असे शीर्षक देऊन लिहिलेल्या निवेदनाला प्रशासन ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ एवढेच उत्तर देते, कारण त्यात कार्यवाही करण्याजोगे काही नसते. प्रवर्गागणिक अडचणीचे स्वरूप बदलते आणि ते तपशिलाने माहीत असल्याशिवाय प्रतिनिधीला टेबलापलीकडच्या माणसाशी बोलता येत नाही.

जात वैधता प्रमाणपत्राचेच उदाहरण घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश टिकवायचा तर ते प्रमाणपत्र लागते आणि ते मिळवण्यासाठी ठरावीक तारखेपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांचे आजोबा पालासह गावोगाव हिंडत होते, त्या कुटुंबाकडे १९६१ पूर्वीचा सातबारा किंवा शाळेचा दाखला कोठून यायचा? अशा विद्यार्थ्याला ‘कागद आण, मग बघू’ असे सांगणे म्हणजे त्याला घरी पाठवणे होय. येथे प्रतिनिधीने दोन कामे करावीत. वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाला आधी वैधता मिळाली आहे का, याची चौकशी विद्यार्थ्याला करायला लावावी, कारण तसे प्रमाणपत्र सापडले तर पडताळणी समितीपुढचे काम पुष्कळ हलके होते. आणि पडताळणी समितीकडे अर्ज दाखल केल्याची पावती दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रवेश मुदतवाढ मिळेपर्यंत रद्द करू नये, अशी मागणी व्यक्तिशः एकासाठी न करता त्या स्थितीतील सर्वांची यादी जोडून करावी.

आदिवासी विद्यार्थ्यांच्या बाबतीत अनेकदा भाषा आड येते. कोलाम किंवा माडिया गोंड मुलाला वर्गात प्रश्न विचारता येत नाही, त्यामागे बुद्धीचा प्रश्न नसतो. मराठी ही त्याची दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत परीक्षा विभागाशी गाठ पडते. लेखनिक मिळण्याचा नियम आणि दर तासाला किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ, ही २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतील तरतूद आहे, तरी केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला ती ठाऊक नसते आणि वेळ संपल्यावर उत्तरपत्रिका ओढून घेतली जाते. हे टाळायचे तर परीक्षेच्या आधीच त्या सूचनेची प्रत केंद्रप्रमुखांना देऊन पोच घ्यावी. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागाही राखल्या आहेत. त्या भरल्या जातात का, हे प्रवेशाच्या महिन्यात पाहायचे असते. हिवाळ्यात त्याचा काही उपयोग नाही.

भेदभावाचे सर्वांत अवघड रूप कागदावर उमटत नाही. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करण्यासाठी डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात वसतिगृहातील वेगळेपणा आणि तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांतील वागणूक यांची नोंद आहे. आडनाव विचारून मग प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवणे, प्रवेश परीक्षेतील क्रमांक सर्वांदेखत विचारणे, मेसमधल्या टेबलांवर न बोलता पडलेली विभागणी, या गोष्टी एकेका विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकल्या तर ‘गैरसमज’ वाटतात. तीन वर्षांतल्या सात जणांनी एकाच परीक्षकाबद्दल तेच सांगितले की त्याला आकृती येते. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीने विद्यार्थ्यांना एकमेकांचे जेईई किंवा गेटमधील गुण-क्रमांक विचारू नका, त्यातून जात हुडकण्याचा प्रयत्न दिसू शकतो, अशा सूचना काढल्या. आपल्या विद्यापीठातही असे परिपत्रक मागता येते. नवे धोरण मागण्यापेक्षा एखाद्या मान्यवर संस्थेने आधीच केलेली गोष्ट मागणे नेहमी सोपे जाते.

ऐकण्याची एक शिस्त मात्र पाळावी. विद्यार्थ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ-ठिकाण यांसह लिहून काढावे, त्याला वाचून दाखवावे आणि ‘यातले किती बाहेर जाऊ द्यायचे’ हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. नाव द्यायचे, फक्त वर्ग सांगायचा, की काहीच सांगायचे नाही, असे तीन पर्याय त्याच्यापुढे ठेवावेत. विद्यार्थ्याच्या दुःखाची जाहीर वाच्यता करून आपले पुढारपण उजळून घेणारे प्रतिनिधी प्रत्येक विद्यापीठात सापडतात आणि त्यांच्यामुळे पुढची दोन-चार वर्षे कोणी तोंड उघडत नाही. संमती न घेता मोबाइलवर केलेले चित्रण, समूहावर टाकलेला स्क्रीनशॉट, वार्ताहराला दिलेले नाव या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

शिष्यवृत्ती : सर्वाधिक वेळ येथेच जातो

वंचित विद्यार्थ्यांच्या तक्रारींपैकी मोठा भाग पैशांचा असतो. त्यात भाषणबाजीला वाव नाही, म्हणून अनेक प्रतिनिधींना तो कंटाळवाणा वाटतो, पण विद्यार्थी गळतो तो येथेच.

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर भरला जातो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे विद्यार्थी समजतो, परंतु तो अर्ज आधी महाविद्यालयातील लिपिकाच्या लॉगिनला जातो, तेथून प्राचार्यांच्या लॉगिनला आणि मग समाजकल्याण विभागाकडे. यांपैकी पहिल्या दोन टप्प्यांवरच शेकडो अर्ज पडून राहतात. म्हणून ‘शिष्यवृत्ती मिळाली नाही’ अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारावा : अर्ज सध्या कोणाच्या लॉगिनला आहे? प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या खात्यात अर्जाची स्थिती दिसते. ती पाहून पाच रकाने असलेला एक साधा तक्ता करावा : अर्ज क्रमांक, योजना, अर्जाची तारीख, सद्यःस्थिती, त्रुटी. असा तक्ता घेऊन कार्यालयात गेल्यावर संभाषणाचा सूर बदलतो. महाविद्यालयात अडकलेले अर्ज, विभागात अडकलेले अर्ज आणि विद्यार्थ्याच्या चुकीने परत आलेले अर्ज यांची तीन वेगळी उत्तरे असतात आणि तिन्ही एकत्र केली की कार्यालयाला ‘शासनाकडून पैसे आलेले नाहीत’ असे एकच उत्तर देऊन सुटता येते.

मंजूर झालेली रक्कम खात्यावर न येण्याचे एक अगदी क्षुल्लक कारण वारंवार आढळते. बँक खाते आधारशी जोडलेले असते, पण शासकीय रक्कम ज्या खात्यावर यायची ते एनपीसीआयच्या (बँकांमधील ऑनलाइन देवघेव सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत भलतेच, बहुधा शाळेत असताना उघडलेले जुने खाते असते. बँकेत जाऊन ही नोंद बदलून घ्यावी लागते. वर्गप्रतिनिधींना हे एकदा नीट समजावून दिले तर निम्मी गर्दी कमी होते.

अनुसूचित जातींच्या या शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतो. त्यामुळे नवाच पेच उभा राहिला आहे. पैसे उशिरा आणि तुकड्यांनी येतात, तोवर घरात आजारपण निघालेले असते, आणि महाविद्यालय मात्र शुल्कासाठी तगादा लावते. अशा वेळी प्रतिनिधीने विद्यार्थ्याच्या बाजूने हप्ते मागावेत, पण शुल्काचा भाग महाविद्यालयाला द्यायचा आहे हेही विद्यार्थ्याला स्पष्ट सांगावे. दोन्हीकडून खरे बोलणाऱ्या प्रतिनिधीचा शब्द कार्यालयात चालतो.

शिष्यवृत्तीपलीकडच्या योजनाही ठाऊक असाव्यात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिच्यातून भोजन, निवास व निर्वाह यांसाठी वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देणारा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. शासन निर्णयाची प्रत राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून घ्यावी आणि निवेदनात त्याची तारीख व सांकेतांक लिहावा. ‘जीआर आहे’ असे तोंडी सांगितले की समोरचा ‘आमच्याकडे आलेला नाही’ म्हणतो. प्रत पुढे ठेवली की त्याला तसे म्हणता येत नाही.

निवेदन कसे लिहावे

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात नुसते गाऱ्हाणे नव्हते. शेतकऱ्यांच्या करातून गोळा झालेला पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो हा हिशेब होता आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी नेमकी मागणीही होती. हिशेब आणि मागणी या दोन गोष्टी आजच्या बहुतेक निवेदनांतून हरवल्या आहेत. त्यांच्या जागी ‘तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील’ हे ठरलेले वाक्य आले आहे. ते वाचून आजवर कोणी घाबरल्याचे ऐकिवात नाही.

शुल्क बाकी आहे म्हणून परीक्षेचे प्रवेशपत्र अडवले गेले आहे, असे समजू. निवेदन असे लिहिता येईल :

‘विषय : शिष्यवृत्तीची रक्कम येणे बाकी असलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा प्रवेशपत्रे न अडवण्याबाबत. महोदय, द्वितीय वर्ष कला शाखेतील ज्या विद्यार्थ्यांनी भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केलेले आहेत, त्यांना पूर्ण शुल्क भरल्याशिवाय प्रवेशपत्र मिळणार नाही, असे कार्यालयातून दि. … रोजी तोंडी सांगण्यात आले. अशा विद्यार्थ्यांची संख्या … असून त्यांच्या अर्जांची सद्यःस्थिती सोबतच्या तक्त्यात दिली आहे. परीक्षा दि. … रोजी सुरू होत आहे. तरी, एक, या विद्यार्थ्यांना दि. … पर्यंत प्रवेशपत्रे द्यावीत. दोन, महाविद्यालयाच्या लॉगिनला प्रलंबित असलेले अर्ज दि. … पर्यंत पुढे पाठवावेत. तीन, वरील तोंडी सूचना ज्या लेखी आदेशाच्या आधारे देण्यात आली, त्याची प्रत आम्हांस द्यावी. केलेल्या कार्यवाहीबाबत लेखी कळवावे, ही विनंती.’

तिसरी मागणी दिसायला साधी आहे, पण तिच्यात खरी ताकद आहे. विद्यार्थ्यांवरचे पुष्कळसे अन्याय तोंडी हुकमांवर चालतात आणि त्यांच्यामागे कोणताही कागद नसतो. कागद मागितला की बहुधा हुकूमच मागे घेतला जातो, आणि तोही कोणाची मानखंडना न होता. तक्त्यात विद्यार्थ्यांची नावे न घालता अर्ज क्रमांकांचे शेवटचे चार अंक घालावेत. कार्यालयाला तेवढे पुरतात.

निवेदन अधिकाऱ्याच्या हातात देऊन छायाचित्र काढले म्हणजे ते ‘दिले’ असे होत नाही. आवक-जावक विभागात जावे, दोन प्रती द्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्यावी. तेथील कर्मचारी कधी कधी ‘साहेबांची सही आणा, मग घेतो’ असे म्हणतात. आवक करून घ्यायला साहेबांची सही लागत नाही, हे नम्रपणे सांगून खिडकीपाशी उभे राहावे. तरीही घेतले नाही तर त्याच दिवशी कार्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावे आणि नोंदणीकृत टपालाने एक प्रत धाडावी. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर, मग तो विद्यार्थ्यांची अपिले ऐकणारा विद्यापीठाचा लोकपाल असो, आयोग असो की न्यायालय, पहिला प्रश्न ‘तुम्ही संस्थेला केव्हा कळवले?’ हाच येतो आणि त्याचे उत्तर त्या शिक्क्यात असते. पंधरा दिवसांनी मूळ आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्यावे.

कोणती तक्रार कोठे न्यावी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. प्रवेशातील आरक्षण डावलणे, शिष्यवृत्ती न देणे, मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, महिला, अल्पसंख्याक किंवा अपंग विद्यार्थ्यांशी भेदभाव या सर्व बाबी तिच्या कक्षेत येतात. समितीत किमान एक महिला आणि किमान एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असावा लागतो, आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय मान्य नसेल तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. प्रतिनिधीने वर्षाच्या सुरुवातीलाच समितीची रचना आणि लोकपालांचे नाव मागवून ठेवावे. पुष्कळ ठिकाणी समिती केवळ संकेतस्थळावर असते आणि तिच्यातील एखादे सदस्य निवृत्त होऊन काळ लोटलेला असतो.

जातीय भेदभावासाठी २०१२ चे समतेबाबतचे विनियम आहेत. त्यांनुसार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असणे आवश्यक आहे आणि तक्रारीचा निर्णय ६० दिवसांत लागला पाहिजे. हे विनियम कागदावरच राहिले म्हणून, जातीय भेदभावाच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या माता, राधिका वेमुला व आबेदा तडवी, यांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम काढले, त्यांवर देशभर वाद झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन तूर्त २०१२ चेच विनियम चालू राहतील असे सांगितले. तक्रार लिहिण्यापूर्वी या बाबतीतील ताजी स्थिती पाहून घ्यावी.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, जाते. तक्रारीत विद्यार्थी गुंतलेले असतील तर त्या समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी सदस्य असावे लागतात. तशी निवड झाली आहे का, हे विचारावे. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि जात, प्रदेश, भाषा किंवा लैंगिक ओळख यांवरून केलेला छळही २०१६ च्या दुरुस्तीनंतर रॅगिंगच ठरतो, ही गोष्ट वसतिगृहाच्या फलकावर लावण्यासारखी आहे.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा प्रश्न निराळा आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीला (फेलोशिपला) उशीर झाला तर एकत्र येऊन दाद मागता येते, पण मार्गदर्शकाविरुद्धची तक्रार एकट्याने करावी लागते आणि त्या तक्रारीनंतरही पदवी त्याच माणसाच्या सहीने मिळायची असते. येथे घाई करू नये. संशोधन सल्लागार समितीपुढील दर सत्राचे सादरीकरण आणि त्यावरचे लेखी शेरे जपून ठेवायला सांगावे. समाधानकारक शेऱ्यांमागोमाग अचानक प्रतिकूल शेरा आला, तर मागचे शेरेच विद्यार्थ्याच्या वतीने बोलतात. मार्गदर्शक बदलण्याची विनंती ‘विषयाच्या गरजेनुसार’ अशा भाषेत करून विद्यार्थ्याची सुटका होत असेल, तर ती करून घ्यावी. तत्त्वाची लढाई लढायची की पदवी पदरात पाडून घ्यायची, हा निर्णय सर्वस्वी त्या विद्यार्थ्याचा असतो.

प्रकरण गंभीर असेल तेव्हा

जातिवाचक शिवीगाळ, मारहाण, बहिष्कार अशा घटनांत समेटाची बैठक बोलावण्याची ओढ प्रशासनाला असते आणि त्या बैठकीत पीडित विद्यार्थ्याला समजूत घालण्यासाठी प्रतिनिधीलाच पुढे केले जाते. ते काम करू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. त्याखाली गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. भटक्या-विमुक्त आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना हा कायदा लागू होत नाही, हे आधीच सांगावे, नाहीतर पोलीस ठाण्यात विनाकारण निराशा पदरी येते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

विद्यार्थी खचलेला असेल तर तक्रारीच्या मसुद्याचा विचार नंतर करावा. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना किंवा त्याला जवळच्या वाटणाऱ्या माणसाला त्याच्या संमतीने बोलवावे, आणि टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावून द्यावा.

माहितीचा अधिकार आणि बैठकीचे टेबल

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘शिष्यवृत्ती का दिली नाही?’ असा प्रश्न विचारू नये. ‘का’ला उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नसते. त्याऐवजी गेल्या तीन शैक्षणिक वर्षांत तक्रार निवारण समितीकडे आलेल्या तक्रारींची वर्षनिहाय संख्या, मुदतीत निकाली निघालेल्या तक्रारींची संख्या, बैठकांच्या तारखा आणि नावे वगळून इतिवृत्तांच्या प्रती मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करावे. ज्या विद्यार्थ्याचे प्रकरण चालू आहे त्याच्या नावाने हा अर्ज टाकू नये, शिकून बाहेर पडलेला एखादा माजी विद्यार्थी ते काम आनंदाने करतो.

महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे कायद्याने सदस्य असतात, ही गोष्ट खुद्द अनेक अध्यक्षांना माहीत नसते. याच समितीपुढे अंदाजपत्रक येते. रॅम्प, लेखनिकांचे मानधन, पुस्तकपेढी यांसाठी पैसे मागायचे ते येथे. विषय बैठकीत ‘आयत्या वेळी’ मांडू नये, सूचनापत्र निघण्यापूर्वी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. बैठकीनंतर इतिवृत्ताचा मसुदा मागून तो बारकाईने वाचावा, कारण ‘मान्य करण्यात आले’ आणि ‘चर्चा करण्यात आली’ या दोन शब्दप्रयोगांत वर्षभराचे अंतर असते. विद्यापीठ पातळीवर अधिसभेतील (सिनेटमधील) पदवीधर सदस्यांना प्रश्न विचारण्याचा आणि ठराव मांडण्याचा अधिकार असतो. त्यांच्यापैकी राखीव जागांवरून निवडून आलेल्या सदस्यांना अर्थसंकल्पी अधिसभेच्या पुरेसे आधी भेटून, आकड्यांसह तयार केलेला प्रश्न त्यांच्या हाती द्यावा. पक्ष-संघटना पाहून सदस्य निवडण्याचा मोह होतो, पण शिष्यवृत्तीचा प्रश्न दोन परस्परविरोधी संघटनांच्या सदस्यांनी एकाच बैठकीत विचारला तर त्याचे उत्तर टाळणे कुलसचिवांना अवघड जाते.

प्रतिनिधी स्वतः त्या समाजातला नसेल तर त्याने शिष्टमंडळात कधीही एकटे जाऊ नये आणि जाताना संबंधित विद्यार्थ्यांपैकी कोणी बोलणार असेल तर आपण टिपणे घेण्याचे काम घ्यावे. तो त्याच समाजातला असेल तर त्याच्यावर वेगळे ओझे येते. प्रत्येक जयंतीला भाषण, प्रत्येक समितीत सही आणि अभ्यास मात्र मागे. त्याला नाही म्हणण्याची मुभा बाकीच्या प्रतिनिधींनी द्यायला हवी.

एका वर्षाची मुदत फार लवकर सरते आणि तक्रारी मात्र तीन-तीन वर्षे चालतात. म्हणून परीक्षा सुरू होण्यापूर्वीच पुढच्या प्रतिनिधीसाठी एक फाइल तयार करावी : चालू निवेदनांच्या पोच घेतलेल्या प्रती, त्यांवरील स्मरणपत्रांच्या तारखा, लागू शासन निर्णय, समित्यांच्या सदस्यांची यादी, कोणत्या टेबलावर कोणते काम होते याचे एक पान, आणि माहिती अधिकाराच्या अपिलांच्या मुदती. विद्यार्थ्यांची वैयक्तिक निवेदने या फाइलमध्ये घालू नयेत. ती ज्याची त्याला परत करावीत आणि पुढच्या प्रतिनिधीशी बोलायचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे.